साहेबाचा वाफा

बदलापूरला लोक घर घ्यायला जातात. मी गवत मोजायला गेलो होतो.

हे वाक्य त्या पावसाळ्यात मी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी मलाच ते बनावट वाटू लागलं. स्टेशनाबाहेर रिक्षावाला विचारायचा, "काका, कुठली साइट?" त्या वर्षांत गावाबाहेर जाणारा पँटशर्टातला माणूस म्हणजे फ्लॅट बघायला आलेला, हे ठरलेलंच होतं. मी म्हणायचो, "साइट नाही, शेत."

"अच्छा, प्लॉट."

"प्लॉट नाही हो. शेतातलं गवत मोजायचंय."

मग तो आरशातून एकदा माझ्याकडे नीट बघून घ्यायचा आणि पुढे रस्ताभर काही बोलायचा नाही.

मी भंडाऱ्याचा. एका कृषी संशोधन केंद्रात तांत्रिक सहायक आहे, म्हणजे मोठी माणसं जे लिहितात त्यातलं मोजायचं काम माझ्याकडे. घरी आम्ही चौघं. त्या वर्षी बायको शिक्षिका म्हणून देसाईगंजला बदलीवर, मुलगी लग्न होऊन रायपूरला, मुलगा पुण्यात खोली घेऊन. चार माणसांचं कुटुंब आणि चार गावांत चार कुकर. घरात माझी ख्याती एकच, जेवताना गोष्टी सांगणारा माणूस. त्या सगळ्यांना पाठ. मी तोंड उघडलं की मुलगा म्हणायचा, "बाबा, ही झाली." तेव्हा राग यायचा. आता "ही झाली" म्हणायलाही कोणी उरलं नव्हतं. म्हणून केंद्रातल्या आमच्या वरिष्ठ मॅडमनी "ठाणे जिल्ह्यात मेपासून पावसाळाभर कोण राहील?" असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. एकटंच राहायचं तर निदान भत्ता मिळवून राहावं.

उल्हासनगर, कॅम्प ४

खोली मिळाली ती हरीशभाईंच्या वर्कशॉपच्या वर. हरीशभाई सिंधी, वय माझ्याएवढंच, धंदा खिडक्यांच्या ग्रिलचा. बदलापूरला जेवढे फ्लॅट होत होते त्यातल्या कितीतरी खिडक्यांना यांची जाळी. दिवसभर खाली लोखंड कापायचा आवाज. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपण वेडे होणार. नंतर रविवारी वर्कशॉप बंद असलं की करमेनासं झालं.

मला एक चौकट करून हवी होती. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, लोखंडी. ती शेतात ठेवायची आणि तिच्या आत जेवढं गवत येईल तेवढं मोजायचं. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात मोठं यंत्र.

हरीशभाईंनी विचारलं, "साईं, शीशा कौनसा डालू?"

"काच नको."

"तो फोटो कैसे टिकेगा? गिर जाएगा ना."

"फोटो नाही लावायचा. ही जमिनीवर ठेवायची."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोण गेलं घरात?"

कोणीही गेलेलं नाही, सगळे ठणठणीत आहेत, फक्त आपापल्या गावी आहेत, हे समजावता समजावता चहा झाला. चौकट त्यांनी मन लावून केली. न सांगता चार कोपऱ्यांत चार नक्षीची पानं जोडली. म्हणाले, "खाली-खाली अच्छा नहीं लगता." ती चौकट घेऊन मी जायचो तेव्हा रिक्षात ती मावत नसे. गळ्यात घालून बसावं लागे. अंबरनाथ ते बदलापूर स्वतःच्याच तसबिरीत बसून प्रवास करणारा माणूस लोकांनी कधी पाहिला नसावा. वाटेत एक म्हातारे गृहस्थ नमस्कार करून गेले.

कोंडेश्वरच्या वाटेवरचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथले बाळाराम पेपर, पुस्तक, पुडीचा कागद, सगळं वाचतात.

काम काय होतं ते आधी सांगतो. त्या बाजूला भाताचं रोप करायचं तर मे महिन्यात वाफ्यावर राब भाजतात. आधी शेणाच्या गोवऱ्यांचा चुरा, त्यावर ऐनाच्या झाडाचा टहाळ म्हणजे तोडलेल्या पानांच्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, गवत, वरून माती. मग वारा बघून एका कडेनं पेटवायचं. आग धावत नाही, गुपचूप सरकत जाते. माती भाजून निघते, तिच्यातलं गवताचं बी मरतं, राख उरते. त्या राखेत भात पेरलं की रोप असं येतं की मधे गवताची काडी दिसत नाही.

आमच्या भंडाऱ्याकडे असलं काही नाही. आम्ही रोपाला पऱ्हे म्हणतो, लावणीला रोवणी म्हणतो आणि भाजतो फक्त वांगी. त्यामुळे पहिल्यांदा ते टहाळ काढलेले ऐन बघितले तेव्हा मला न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्यावर उठून आलेल्या माणसांची रांग वाटली. सरकारचं म्हणणं पडलं, या धुरानं आणि या तोडीनं हवेत भर पडते. हवामान बदल हा शब्द तेव्हा नुकताच कागदांत येऊ लागला होता. (बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हवा बदलली की तुम्हाला सर्दी होते, तेवढंच मला माहीत.") धोरण ठरायच्या आधी कोणीतरी बघायला हवं होतं की राब न भाजता नुसत्या शेणखतावर रोप येतं का, आणि आलं तर त्यात गवत किती. ते बघणारा मी.

त्यासाठी कोणीतरी आपला अर्धा वाफा न भाजता सोडायला हवा. गावात कोणी तयार होईना. तयार झाल्या अनसूयाबाई.

त्या साधारण माझ्याच वयाच्या. नवरा मोरिवलीला कंपनीत पाळीवर. त्याला शेतीचं विचारलं तर तो म्हणायचा, "ते खातं तिचं. माझं खातं पगाराचं." दीर बाळाराम शेजारीच. दोन घरं नुकतीच वेगळी झालेली, मधे एकच बांध आणि त्या बांधावर बसून बाळाराम तंबाखू मळत.

मी माझं म्हणणं मांडलं. अर्धा वाफा भाजा, अर्धा तसाच ठेवा. अनसूयाबाई काही बोलायच्या आधी बांधावरून आवाज आला.

"वहिनी, तू भाकर पन एकाच बाजूनं भाजून खातंस काय?"

"भाऊजी, तुमच्या तव्यावर तुमी बघा."

"बघतोच हाय. रोप कमी पडलं मंग कुनाच्या दारात येशील?"

"तुमच्या दारात नाय येनार."

"बघू."

एवढ्यावर तो विषय संपला; पण तिथे काय पणाला लागलं होतं ते मला कळलं. रोप कमी पडलं की शेजाऱ्याकडून मागून आणायचं, ही तिकडची रीतच आहे. कोणी नाही म्हणत नाही. पण अनसूयाबाईंना शेजार एकच होता, आणि त्या दारात त्यांना जायचं नव्हतं.

"मग कशाला देता अर्धा वाफा?" मी खरंच विचारलं. माझ्या नोकरीच्या दृष्टीनं हा प्रश्न चुकीचा होता.

त्यांनी डोंगराकडे हात केला. "जवलचे ऐन गेले सगले. तिथं बिल्डिंगी झाल्या. आता पार वर जावा लागतं टहाळाला. डोक्यावर भारा घेऊन उतराचं. गुडघे राहिले नाय." मग हसून म्हणाल्या, "तुमचं खरं निघालं तर सुटलो म्हनायचं."

मी बजावून सांगितलं. या अर्ध्या भागाला काही करायचं नाही. जे उगवेल ते उगवू द्यायचं. मला मोजायचंय.

"गवत पन राखाचं?"

"गवतच तर मुख्य."

"बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धा वाफा भाजला. धूर बांध ओलांडून थेट बाळारामच्या अंगणात गेला. त्याबद्दल माझ्या प्रयोगात रकाना नव्हता. आणि न भाजलेल्या भागाला त्याच संध्याकाळपर्यंत नाव पडलं, साहेबाचा वाफा. शेताच्या मालकीचा आयुष्यात मला आलेला हा एकमेव योग.

अंबरनाथ

आमचं मोजायचं काम आठवड्यातून एखादा दिवस. बाकी दिवस इतर गावं, आणि रविवार मोकळा. मोकळा रविवार ही एकट्या माणसाला मिळणारी सगळ्यात मोठी शिक्षा.

एका रविवारी मी शहाणपणा करून शेवळं विकत घेतली. पावसाच्या सुरुवातीला त्या बाजूला डोंगरातून ही रानभाजी येते. स्टेशनाबाहेर कातकरी बायका जुड्या लावून बसतात. लोक झुंबड करून घेत होते, म्हणून मीही घेतली. बाईनं शेवळांबरोबर हिरवी फळं पुढे केली, "काकडं घ्या, काकडं." मला वाटलं, ही आपल्याला परगावचा बघून जास्तीचा माल खपवतेय. भंडाऱ्याचा माणूस असा फसत नाही. मी ताठ मानेनं नुसती शेवळं घेऊन आलो, दोघांपुरता भात टाकला (हात ऐकत नाही), भाजी केली आणि पहिल्या घासाला घशात कोणीतरी खाजकुयली फिरवावी तसं झालं.

खाली जाऊन हरीशभाईंना खुणेनंच सांगितलं. त्यांच्या बायको, ज्यांना वर्कशॉपमधले सगळे आंटी म्हणायचे, बाहेर आल्या. "काकडा नहीं डाला? किसी को पूछा नहीं?"

मी मान हलवली. कोणाला विचारणार होतो.

शेवळांची खाज त्या आंबट काकडांनीच मरते, असं सांगत त्यांनी दह्याचं वाडगं आणि कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, दिली. मी दारातच उभ्यानं खाल्ली. घसा शांत झाला तरी वर जायला पाय निघेना, म्हणून मी एक गोष्ट सुरू केली, आमच्याकडच्या रानभाजीची. दोन वाक्यांनंतर आंटींचा कुकर झाला. सगळीकडे कुकरच मधे येतो.

दुपारी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. ते काळं, कोरीव देऊळ तुम्ही चित्रात पाहिलं असेल. चित्रात शेजारची वालधुनी नदी दिसत नाही. त्या दिवशी तिच्या पाण्याचा रंग सांगायला मला शब्द सापडला नाही. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गार, ओला अंधार आणि पिंडीवर बेलाची पानं. देवाजवळ काय मागावं ते सुचेना, म्हणून साहेबाच्या वाफ्यासाठी मागितलं. बाहेर एका कुटुंबानं माझ्या हातात कॅमेरा दिला. आजी, मुलगा, सून, दोन पोरी. मी त्यांना डावी-उजवीकडे सरकवलं, आजींना मधे घेतलं, पोरींना हसवलं. छान जमलं होतं. फोटो काढून झाल्यावर सून म्हणाली, "थँक्यू काका," आणि कॅमेरा घेऊन ते निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो, पुढच्या कुटुंबासाठी.

पुन्हा गावात

तर साहेबाचा वाफा.

पहिल्या खेपेला मी चौकट ठेवली आणि मोजलं. भाताचं रोप दोन्हीकडे सारखंच बोटभर. गवत भाजलेल्या बाजूला नाहीच, न भाजलेल्या बाजूला थोडं. दुसऱ्या खेपेला गवत आणखी कमी. तिसऱ्या खेपेला चौकट जिथे ठेवावी तिथे नुसतं हिरवंगार भात. मी गुडघ्यांवर बसून, चष्मा पुसून बघितलं. हरीशभाईंच्या नक्षीच्या चार पानांव्यतिरिक्त चौकटीत अनावश्यक काही नव्हतं.

मी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. रेंज मिळवायला बांधावर चढावं लागलं.

"नक्की?" मॅडम म्हणाल्या. "परत मोजा."

"परत मोजलं."

"अहो, मग हे मोठं आहे. बाकीच्या गावांत गवत माजलंय. इथे मातीत काही वेगळं आहे का? नमुना घ्या. राबाशिवाय स्वच्छ रोप आलं तर सरळ धोरणात जाईल हे."

धोरणात. मी उल्हासनगरला परतलो तो चालत नव्हतो, तरंगत होतो. हरीशभाईंना सांगितलं, एवढं मोठं झालंय, गवतच उगवलं नाही. त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "साईं, यहाँ तो सिमेंट में भी घास उगता है. तुम्हारे खेत में कैसे नहीं उगा?"

लोखंडातला माणूस, त्याला मातीतलं काय कळणार, असं म्हणून मी जिना चढलो.

पुढच्या खेपेला मी मातीचा नमुना घ्यायला पिशव्या घेऊन गेलो. अनसूयाबाई घरात होत्या. बाळाराम त्यांच्या जागेवर, म्हणजे बांधावर.

"मोजा साहेब, मोजा," ते म्हणाले. "गवत सापडलं काय?"

"नाही ना. तेच तर विशेष."

"इशेष हायच." तंबाखूची चिमूट ओठात ठेवून त्यांनी हात झटकले. "आमच्या वहिनीला इचारा, गवत कुठं जातं. रोज सकाली तिथं काय गुडघ्यावर बसून पूजा करत होती काय?"

मी घराकडे वळलो. अनसूयाबाई चहाचा कप घेऊन पायरीवर आल्याच होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही, उलट दिराचाच राग.

"तुम्ही गवत काढलंत?"

"मंग?"

"अहो, मी सांगितलं होतं ना, काढायचं नाही म्हणून."

"सांगितलंत. मना वाटलं, पाव्हना मानूस, संकोचानं बोलतो. कोन सांगंल, माझ्या वाफ्यातलं गवत काढ म्हनून?" त्यांनी कप माझ्या हातात दिला. "माझ्या वाफ्यात असतं तर एखाद दिस चाललं असतं. दुसऱ्याचं राखाला घेतलं तर आपल्यापरीस बेस राखावा लागतं. गाव काय म्हनंल, साहेबाचा वाफा घेतला नि त्याच्यात गवत माजवलं?"

"आनि रोप गेलं असतं तर माझ्या दारात यावा लागलं असतं," बांधावरून बाळाराम म्हणाले.

"ते पन हायच," त्या माझ्याकडे बघूनच म्हणाल्या.

मी विचारलं, निदान काढलेलं गवत कुठे टाकलं? ढीग असेल तर वजन तरी करता येईल.

"टाकीन कशाला? म्हशीला घातलं."

म्हैस गोठ्याच्या दारात रवंथ करत उभी होती. माझी सबंध हंगामाची आकडेवारी तिच्या पोटात होती आणि तिला ती मानवलेली दिसत होती.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाफा बाद करा." आणि थोड्या वेळानं, "चहा घेतलात का?" मॅडम माणूस म्हणून चांगल्या आहेत, "बाद करा" त्यांना नोकरीमुळे म्हणावं लागतं.

बाद वाफ्याकडे जायचं मला कारण राहिलं नव्हतं. तरी त्या आठवड्यात मी गेलो. चौकट नेली नाही, त्यामुळे रिक्षात प्रथमच सरळ बसलो. अनसूयाबाई वाफ्यात होत्या. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून माझ्यासमोरच गवत काढत होत्या. मीही पँट दुमडून दुसऱ्या कडेनं सुरुवात केली. त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच मी गवत मोजत नव्हतो, उपटत होतो. थोड्याच वेळात पाठीनं मला माझं वय सांगितलं.

"हे रोज करत होता तुम्ही?"

"मंग काय. चहाच्या आधी थोडं, चहाच्या मागनं थोडं."

"म्हणजे राब नसला तर हे असं बसावं लागणार."

"हां." त्या वाफ्यात हातभर पुढे सरकल्या. मूठभर गवत बाजूला टाकून म्हणाल्या, "टहाळाला जातो ना साहेब, तवा आमी सगल्या जातो. भाऊजींची बायको पन येते. तिथं भांडन-बिंडन नसतं. कोन कुनाची नक्कल करतं, कोन गानं म्हनतं. भाकर सोडून खातो. पाय दुखतात, पन घरी येऊन बघावं तर हसून पोट पन दुखत असतं. हितं बघा. वाकून एकटीनं बसाचं. कुनाला काय बोलाचं? गवताला?" मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "मना वाटलं होतं सुटेन. सुटलो तर असं हाय."

मी गवत उपटत राहिलो. माझ्या खोलीतला दोघांपुरता भात मला आठवला.

त्याच म्हणाल्या, "तुमी बोला ना काय. काहीतरी सांगा. तुमच्याकडचं."

आता असं मला कोणी म्हणून किती दिवस झाले होते ते विचारू नका. मी लगेच मामाच्या वरातीची गोष्ट काढली. आमच्या घरातली सगळ्यात जुनी, मुलानं सगळ्यात जास्त वेळा "ही झाली" म्हटलेली. माझा मामा नवरदेव, बैलगाड्यांतून वरात निघालेली, वाटेत पाऊस, वाट चुकली, आणि वरात भलत्याच गावात शिरली. त्या गावातही लग्न होतं. मांडव सजलेला, वाजंत्री वाजतंय, लोक पुढे आले, पाय धुवायला पाणी दिलं, पानं मांडली. हे सगळे जाऊन पंगतीत बसले.

"काहून कोणाच्या लक्षात नाही आलं?" मी माझ्याच गोष्टीतला प्रश्न विचारला. अनसूयाबाई माझ्या "काहून"ला हसल्या. गवत काढायचं थांबून ऐकत होत्या.

"मग मांडवातून एक म्हातारा आला," मी पुढे सांगू लागलो, "पंगतीतून सावकाश चालत मामाच्या पत्रावळीपाशी येऊन उभा राहिला. मामाच्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं..."

"वहिनी!" बाळाराम बांधावरून ओरडले. "म्हस सुटली!"

अनसूयाबाई खुरपं टाकून पळाल्या. आधी आकडेवारी, मग गोष्ट. त्या म्हशीचं माझ्याशी काय वैर होतं कोण जाणे.

लावणीच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो. वावरात दहा माणसं, चिखल, घाई. रोप दोन्ही बाजूंचं पुरलं, थोडं उरलंही. उरलेल्या मुठी अनसूयाबाईंनी बाळारामच्या बांधावर नेऊन ठेवल्या. त्यांनी त्या उचलून नेल्या. भाकरीचा विषय कोणी काढला नाही. गोष्टीचाही नाही. मीही काढली नाही. घरातली सवय. गोष्ट पुन्हा काढून "ही झाली" ऐकून घेण्यापेक्षा आधीच गप्प बसलेलं बरं.

"मंग काय लिहिलंत माझ्या वाफ्याचं?" चिखलातून त्यांनी विचारलं.

"बाद झाला."

"येवढं चांगलं रोप, नि बाद?" त्या हातातली मूठ तशीच धरून उभ्या राहिल्या. मग मान हलवून वाकल्या आणि लावू लागल्या.

परत

अहवालात मी एक परिच्छेद घातला होता. राबाचा टहाळ बायका मिळून आणतात, निंदण एकटीला करावं लागतं, धोरण ठरवताना हे बघावं. मॅडमनी तो काढला नाही, ही त्यांची मोठी कृपा. थोडा दुरुस्त केला. छापून आलं ते असं: "राब न भाजल्यास निंदणीसाठी कौटुंबिक श्रमात वाढ संभवते." एकटेपणाचं सरकारी मराठीत एवढंच भाषांतर होतं. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. चौकट घरी आणली. बायको दिवाळीला आली तेव्हा भिंतीला टेकवलेली बघून म्हणाली, "हे काय? यात कोणाचा फोटो लावायचा?" मी म्हणालो, बघू. सुट्टी संपली, ती गेली, चौकट तिथेच आहे.

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी कुकर लावला होता आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. आवाज वाऱ्यात तुटत होता.

"साहेब, मी अनसूया बोलते. बदलापूरवरनं. ह्यांचा मोबाइल आनलाय."

मला वाटलं, काहीतरी बिघडलं. "सगळं बरं आहे ना? राब भाजला?"

"कुठं, अजून टहाळ तोडतोय. डोंगरातच हाव सगल्या." मागे बायकांचे आवाज, कोणीतरी कोणाला तरी ओरडत होतं, कोणीतरी हसत होतं. "ह्या बाया ऐकत नाय. ह्यांना मी तुमच्या मामाची गोष्ट सांगितली. आता म्हनतात, पुढं काय? मना कुठं ठाव हाय पुढं? म्हस सुटली ना तवा. म्हातारा पत्रावळीपाशी उभा राहिला, मामाच्या तोंडाकडं बघितलं. मंग?"

मी गॅस बंद केला. या गोष्टीचा शेवट कोणी विचारायची माझ्या आयुष्यात ही पहिलीच वेळ होती. आमच्या घरात तो सगळ्यांना आधीच ठाऊक असतो.

"म्हातारा त्या मांडवातल्या नवरीचा आजा होता," मी म्हणालो. "आपला नवरदेव कोण ते त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं बघितलं, हा आपला नव्हे. ही वरातच आपली नव्हे. पण पानं मांडून झाली होती, माणसं बसली होती. मग तो वळला आणि वाढप्यांना म्हणाला, वाढा."

तिकडे फक्त वारा.

"आनि?"

"एवढंच. वाढा म्हणाला."

त्यांनी फोन तोंडापासून दूर केला असावा. "म्हातारा म्हनाला, वाढा," असं त्यांनी तिकडे सांगितलेलं मला ऐकू आलं. आधी एकजण हसली, मग सगळ्या. एक बारीक आवाज म्हणाला, "मंग काय, बसलेल्या मानसाला उठवाचं काय?" त्यावर पुन्हा हसणं. मग कोणीतरी "चला गं" म्हटलं, आणि कोयत्याचे घाव सुरू झाले, एक इथून, एक तिथून, आणि फांदी पडल्याचा सळसळाट.

अनसूयाबाई फोन बंद करायला विसरल्या होत्या. मीही केला नाही.